काजळाचा उजेड

पणतीवर ताटली पालथी घालून काजळ पाडण्याची रीत आता घराघरांतून जवळजवळ गेली आहे. माझ्या आजीचे काजळ पाडणे मला अजून आठवते. तुपाची वात, तिच्या दोन्ही बाजूंना दोन विटा आणि वर पालथी घातलेली तांब्याची ताटली. सकाळी ताटलीच्या तळाला मखमलीसारखी काळीभोर काजळी जमलेली असे. ती बोटाने गोळा करायची, तुपाचा थेंब घालून खलायची आणि डबीत भरायची.

पुढे मी शाळेत विज्ञान शिकवू लागलो. एकदा ज्वलनाचा धडा चालू असताना सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, ज्योतीवर वाटी धरली की काजळ जमते. म्हणजे ज्योतीत काळी काजळी असणार. मग ज्योत पिवळी कशी दिसते?" मी उत्तर दिले, "काजळी ज्योतीत नसते, ती वर धूर झाल्यावर तयार होते. आणि काळी वस्तू प्रकाश गिळते. ती प्रकाश कुठून देणार?" मुलगी खाली बसली. तास पुढे गेला.

त्या उत्तरात दोन चुका होत्या आणि दोन्ही साध्या नव्हत्या. पहिली चूक मायकेल फॅरेडेने मुलांसमोरच दुरुस्त केलेली होती. दुसरी दुरुस्त करता करता विसाव्या शतकाचे पदार्थविज्ञान जन्माला आले. ते उत्तर मला पुन्हा द्यायचे आहे, म्हणून हा लेख.

ज्योतीतले कण

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात फॅरेडेने मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्याने दिली. ज्योतीचा तेजस्वी प्रकाश येतो तो तिच्यातल्या घन कार्बनच्या कणांमुळे, हा त्यांतला एक महत्त्वाचा मुद्दा. त्याचा पडताळा घरी घेता येतो. ज्योतीच्या पिवळ्या भागात थंड चमचा धरा, लगेच काळा होतो. बुडाशी जो निळसर भाग असतो तिथे धरा, काजळी जवळपास लागत नाही. स्वयंपाकघरात हे सगळ्यांना वेगळ्या वाटेने ठाऊक असते. गॅसची शेगडी नीट जळते तेव्हा ज्योत निळी आणि मंद असते. बर्नर तुंबून ज्योत पिवळी झाली की उजेड वाढतो आणि पातेल्यांची बुडे काळी होतात. उजेड आणि काजळी एकदमच येतात, कारण ती एकच गोष्ट आहे.

तेल वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि उष्णतेने तिचे रेणू फुटतात. त्यांतला कार्बन सूक्ष्म कणांच्या रूपाने एकत्र येतो. हे कण तेराशे-चौदाशे अंश सेल्सियसच्या घरात तापतात आणि प्रकाशू लागतात. वर सरकताना हवेतला ऑक्सिजन मिळाला की ते जळून जातात. मध्येच ताटली आडवी आली तर थंड होऊन तिला चिकटतात. तापलेले असताना आपण त्यांना ज्योत म्हणतो, थंड झाल्यावर काजळ. मुलीचे म्हणणे बरोबर होते, काजळी ज्योतीतच होती.

भट्टीत नाहीशी झालेली नक्षी

आता दुसरी चूक. काळा पदार्थ प्रकाश गिळतो हे खरे, पण म्हणून तो प्रकाश देत नाही हे खरे नाही. उलट, एकाच तापमानाला तापवलेल्या वस्तूंत काळी वस्तूच सर्वांत जास्त उजेड देते.

याची चाहूल लागली ती भट्टीपाशी. लोहार लोखंडाचा रंग पाहून घाव घालतो. आधी काळपट लाल, मग लालबुंद, मग नारिंगी, पिवळा आणि शेवटी डोळे दिपवणारा पांढुरका. प्रसिद्ध इंग्रज कुंभकार जोसाया वेजवुड यांचा मुलगा थॉमस याने १७९२ मध्ये नोंदवले की वेगवेगळे पदार्थ एकाच तापमानाला लाल होऊ लागतात. १८४७ मध्ये अमेरिकेत जॉन विल्यम ड्रेपरने ते तापमान ठरवले : सुमारे ५२५ अंश सेल्सियस. लोखंड असो, दगड असो, विटेचा तुकडा असो, अंधारात पहिली लाली दिसते ती याच सुमारास. पदार्थ कोणता याची जणू प्रकाशाला पर्वाच नाही.

चिनी मातीची पांढरी बशी घ्या. तिच्यावर काळी नक्षी आहे. बशी भट्टीत ठेवून भट्टी सगळीकडून सारखी लाल होऊ दिली आणि छोट्या भोकातून आत डोकावले, तर नक्षी दिसेनाशी होते. बशी, नक्षी, भिंत, सगळे एकाच लाल उजेडात विरून जाते. आता बशी चिमट्याने झटकन बाहेर काढून अंधारात धरली, तर नक्षी पुन्हा दिसते, पण उलटी : काळ्या रेषा उजळ आणि पांढरी जमीन फिकी.

हायडेलबर्ग येथील गुस्टाव्ह किरखॉफने १८५९-६० मध्ये याचे कारण मांडले. भट्टीतली काळी रेघ भिंतींकडून येणारा जवळजवळ सगळा प्रकाश शोषते, पांढरा भाग बराचसा परत फेकतो. काळी रेघ जास्त घेऊन तेवढेच परत देत राहिली असती, तर ती शेजारच्या पांढऱ्या भागापेक्षा आपोआप अधिक तापली असती. पण बंद भट्टीत, कुणी काही न करता, एक वस्तू दुसरीपेक्षा गरम होत जात नाही. तसे झाले असते तर फुकटात इंजिने चालली असती. तेव्हा जी वस्तू जितके शोषते तितकेच तिने उत्सर्जितही केले पाहिजे. पांढरा भाग थोडे स्वतःचे देतो आणि बाकीचे भिंतीकडून आलेले परत फेकतो. काळा भाग सगळे स्वतःचेच देतो. भट्टीत दोघांची बेरीज सारखी येते, म्हणून नक्षी लपते. बाहेर भिंतींचा उजेड नसतो, म्हणून ज्याचे स्वतःचे जास्त तो उजळतो.

यातून किरखॉफने मोठा निष्कर्ष काढला. जो पदार्थ आपल्यावर पडलेला सगळा प्रकाश शोषतो, त्याला त्याने कृष्णवस्तू असे नाव दिले. अशा वस्तूच्या प्रकाशात कोणता रंग किती असावा हे फक्त तिच्या तापमानावर ठरते. ती कशाची बनली आहे, तिचा आकार काय, यांचा संबंध नाही. मग ते प्रमाण सांगणारे एक सूत्र निसर्गात असलेच पाहिजे. ते शोधणे हे अत्यंत महत्त्वाचे काम आहे, असे त्याने सांगून ठेवले. ते सूत्र सापडायला चाळीस वर्षे लागली.

दिव्याची मोजदाद

वाटेतला एक टप्पा व्हिएन्नातल्या योझेफ श्टेफानचा. तापलेल्या प्लॅटिनमच्या तारेवर जॉन टिंडलने केलेल्या प्रयोगाचे आकडे त्याच्यापुढे होते : ५२५ अंशांवरून तापमान १२०० अंशांवर नेले की प्रारण ११.७ पट होते. श्टेफानने तापमाने निरपेक्ष शून्यापासून मोजली, म्हणजे ७९८ आणि १४७३ केल्व्हिन. या दोहोंच्या गुणोत्तराचा चौथा घात ११.६ येतो. १८७९ मध्ये त्याने नियम मांडला : एकूण प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढते. तापमान दुप्पट केले की प्रारण सोळा पट. त्या नियमावरून त्याने सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान साडेपाच हजार अंश सेल्सियसच्या आसपास काढले, आणि ते आजच्या आकड्याच्या अगदी जवळ आहे.

मात्र पूर्ण सूत्र हवे असेल तर काटेकोर मोजमाप हवे. त्यासाठी पैसा आणि निकड दोन्ही आली ती रस्त्यावरच्या दिव्यांतून. गॅसचे दिवे आणि विजेचे दिवे यांची तेव्हा स्पर्धा लागली होती. कुठला दिवा किती उजेड देतो हे ठरवायचे तर उजेडाचे माप हवे, आणि जर्मनीत ते माप म्हणजे एका विशिष्ट द्रवावर जळणारी ४० मिलिमीटर उंचीची ज्योत होती. हवेतल्या दमटपणानेही बदलणारे हे माप भरवशाचे नव्हते. १८८७ मध्ये बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथे जर्मन सरकारने मापनशास्त्राची राष्ट्रीय संस्था उभारली. तिला जमीन दिली ती वेर्नर सीमेन्स या उद्योजकाने.

तिथे विल्हेल्म वीन आणि ओटो लुमर यांनी १८९५ मध्ये एक सोपी युक्ती सुचवली. काजळी फासूनही पुरेसा काळा पृष्ठभाग मिळत नसेल, तर पोकळी घ्या आणि तिला बारीक भोक पाडा. दिवसा रस्त्यावरून पाहिले तर चुना दिलेल्या घराचीही उघडी खिडकी काळी दिसते, कारण आत शिरलेला उजेड भिंतींवर आपटत राहतो आणि क्वचितच बाहेर येतो. सगळ्यांत काळी वस्तू म्हणजे भोक. ती पोकळी तापवली की तेच भोक सर्वांत तेजस्वी होते.

वीनने १८९३ मध्येच दाखवले होते की तापमान वाढते तसे प्रारणाचे शिखर लहान तरंगलांबीकडे सरकते. दोहोंचा गुणाकार कायम राहतो : २८९८ मायक्रोमीटर-केल्व्हिन. सूर्यासाठी, म्हणजे ५७७० केल्व्हिनला, शिखर ०.५ मायक्रोमीटरवर येते, डोळ्याला दिसणाऱ्या पट्ट्याच्या मधोमध. विजेच्या जुन्या बल्बची तार २८०० केल्व्हिनला तापते, तेव्हा शिखर एक मायक्रोमीटरच्या पुढे, न दिसणाऱ्या अवरक्त भागात असते. म्हणूनच तो बल्ब हात पोळवायचा आणि शंभरातला जेमतेम पाच-दहा भाग उजेडात द्यायचा. आपली त्वचा साधारण ३०५ केल्व्हिनला असते आणि तिचे शिखर साडेनऊ मायक्रोमीटरवर येते. करोनाच्या काळात दाराशी उभा राहिलेला माणूस कपाळासमोर जे यंत्र धरी ते हाच प्रकाश मोजत असे. त्या तरंगलांबीला माणसाची त्वचा जवळजवळ सगळे प्रारण शोषते. माणूस गोरा असो की सावळा, त्या प्रकाशापुरता काळाच.

अख्खा नारळ

वीनने १८९६ मध्ये पूर्ण सूत्रही मांडले आणि ते मोजमापांशी चांगले जुळत होते. बर्लिन विद्यापीठातल्या माक्स प्लांकने १८९९ मध्ये त्याला सैद्धांतिक आधार देऊन ते जवळपास सिद्ध झाल्याचे मानले. पण मोजणारे थांबले नाहीत. लुमर आणि प्रिंग्सहाइम यांना मोठ्या तरंगलांबीला फरक दिसू लागला. हाइनरिख रूबेन्स आणि फर्डिनांड कुर्लबाउम यांनी सैंधवाच्या स्फटिकांवरून प्रारण परावर्तित करून थेट ५१ मायक्रोमीटरपर्यंत मजल मारली. तिथे वीनचे सूत्र उघड चुकत होते.

७ ऑक्टोबर १९०० च्या रविवारी रूबेन्स सपत्नीक प्लांकच्या घरी चहाला गेला आणि बोलता बोलता त्याने सांगितले की मोठ्या तरंगलांबीला प्रारण सरळ तापमानाच्या प्रमाणात वाढते. पाहुणे गेल्यावर त्याच संध्याकाळी प्लांकने लहान लांबीला वीनशी आणि मोठ्या लांबीला रूबेन्सशी जुळणारे नवे सूत्र मांडले. १९ ऑक्टोबरला त्याने ते सभेत सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी रूबेन्स पुन्हा हजर. रात्री सगळे आकडे ताडून पाहिले, सूत्र सर्वत्र जुळते, म्हणाला.

प्लांकची खरी अडचण इथे सुरू झाली. सूत्र जुळते, पण का? तो बेचाळीस वर्षांचा होता, स्वभावाने जुन्या वळणाचा. स्वतः दिलेला आधार त्याच्या डोळ्यांदेखत कोसळला होता. शेवटी, त्याच्याच पुढच्या कबुलीप्रमाणे निव्वळ नाइलाजाने, त्याने एक गोष्ट गृहीत धरली आणि १४ डिसेंबर १९०० ला ती मांडली : पदार्थातली कंपने ऊर्जा हवी तेवढी देत-घेत नाहीत, ठरावीक नगांतच देतात-घेतात. कंपन जितके जलद, तितका नग मोठा.

बाजारातले उदाहरण देतो. शेंगदाणे पाहिजे तेवढे सुटे मिळतात, नारळ अख्खाच घ्यावा लागतो. तापलेल्या वस्तूतल्या प्रत्येक कंपनाच्या खिशात तापमानाच्या मानाने थोडे पैसे असतात. प्रकाश सुटा मिळाला असता तर प्रत्येक रंगाने आपापला वाटा घेतला असता. जांभळ्याच्या पलीकडे रंगांना अंतच नाही, त्यामुळे पणतीतूनसुद्धा क्ष-किरण बाहेर पडले असते आणि एकूण ऊर्जा अनंत झाली असती. जुने पदार्थविज्ञान याच गाळात रुतत होते. पण प्रकाश नारळासारखा नगावर मिळत असेल तर? निळ्या-जांभळ्या टोकाचा नग लाल टोकाच्या नगापेक्षा पावणेदोन पट महाग. अवरक्ताचा त्याहून बराच स्वस्त. ५२५ अंशांना खिशात इतके थोडे असते की लालही क्वचितच परवडतो. तापमान वाढते तसा पिवळा, हिरवा, निळा परवडू लागतो आणि सगळे मिळून पांढरे दिसते. लोहाराच्या डोळ्यासमोर रंग बदलतात ते यामुळे.

प्लांकला हा हिशेबापुरता आधार वाटत होता. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने ते अक्षरशः खरे मानले : प्रकाश स्वतःच नगानगाने असतो. दिव्याचे माप ठरवायला निघालेली माणसे पुंजवादाच्या दाराशी येऊन उभी राहिली. दिव्याचे मापही मिळाले, पण उशिरा. १९४८ पासून १९७९ पर्यंत प्रकाशाचे आंतरराष्ट्रीय एकक ठरले ते वितळबिंदूवरच्या प्लॅटिनममध्ये बुडवलेल्या एका नळीच्या भोकातून येणाऱ्या उजेडावर.

ढाक्याहून आलेले पत्र

सूत्र बरोबर होते तरी त्याची सिद्धता अर्धी जुनी आणि अर्धी नवी होती. एका पायरीवर प्रकाश लाटेसारखा मानायचा, दुसऱ्या पायरीवर नगासारखा. ही विसंगती खटकलेला एक अध्यापक १९२४ मध्ये ढाका विद्यापीठात होता, सत्येंद्रनाथ बोस. कोलकात्यात असताना त्याने आणि मेघनाद साहा यांनी सापेक्षतेवरच्या मूळ जर्मन निबंधांचे इंग्रजी भाषांतर केले होते, ते १९२० मध्ये प्रसिद्ध झाले.

बोसने लाट बाजूला ठेवली. भट्टीतला प्रकाश म्हणजे कणांचा वायू मानला आणि ते कण मोजण्याची रीत बदलली. दोन चेंडू आणि दोन डबे असतील तर चेंडू ठेवण्याच्या चार रीती होतात. पण चेंडू असे असतील की हा कोणता आणि तो कोणता हे सांगण्याची सोयच नाही, तर रीती तीनच उरतात : दोन्ही इकडे, दोन्ही तिकडे किंवा एक-एक. प्रकाशाचे कण असे ओळख नसलेले आहेत. एवढ्या एका बदलातून प्लांकचे सूत्र सरळ बाहेर पडते. जून १९२४ मध्ये बोसने चार पानी निबंध आइन्स्टाइनला पाठवला आणि योग्य वाटल्यास जर्मन नियतकालिकात छापण्याची व्यवस्था करावी अशी विनंती केली. आइन्स्टाइनने तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापायला दिला. आज विश्वातल्या अर्ध्या मूलकणांच्या घराण्याला बोसॉन म्हणतात ते या चार पानांमुळे.

शिक्षक म्हणून मला हे प्रकरण विशेष जवळचे वाटते. पुस्तकात उत्तर छापलेले होते आणि ते बरोबरही होते. बोस तिथे थांबला नाही, कारण उत्तरापर्यंत नेणारी वाट त्याला पटत नव्हती.

आकाशाची भट्टी

सर्वांत अचूक कृष्णवस्तू शेवटी प्रयोगशाळेत नव्हे, आकाशात सापडली. १९८९ मध्ये सोडलेल्या कोबे उपग्रहावर आकाशातल्या सूक्ष्मतरंगांची तुलना एका काळ्या शोषक वस्तूशी करणारे उपकरण होते. जानेवारी १९९० मध्ये जॉन माथर यांनी पहिल्या नऊ मिनिटांच्या निरीक्षणाचा आलेख पडद्यावर दाखवला तेव्हा सभागृह उठून टाळ्या वाजवू लागले. मोजलेले बिंदू प्लांकच्या वक्रावर नेमके बसत होते. तापमान २.७ केल्व्हिन. मान्य सिद्धांताप्रमाणे हा उजेड विश्व सुमारे तीन लाख ऐंशी हजार वर्षांचे असताना निघाला. तेव्हा विश्वाचे तापमान तीन हजार केल्व्हिन होते, म्हणजे सगळे आकाश जुन्या बल्बच्या तारेच्या रंगाचे. प्रसरणाने त्या लाटा अकराशे पट ताणल्या गेल्या.

या वाचनाला आव्हान देणारेही होते, आणि त्यांत आपले जयंत नारळीकर होते. फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये त्यांनी वेगळी मांडणी केली : हा उजेड ताऱ्यांचाच, पण ताऱ्यांच्या स्फोटांतून विखुरलेल्या लोखंडाच्या सूक्ष्म सुयांनी तो शोषून पुन्हा उत्सर्जित केल्यामुळे एकसारखा झालेला. म्हणजे आकाशभर पसरलेली एक प्रकारची काजळीच. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी ही मांडणी स्वीकारली नाही. वेगवेगळ्या तापमानांचे उजेड एकत्र केले तर त्यांतून एका तापमानाचा शुद्ध वक्र मिळणे फार अवघड, हे त्याचे एक मोठे कारण. पण दोन्ही पक्ष किरखॉफच्याच नियमाला धरून वाद घालत होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

यंदा आकाशकंदिलासाठी दिवा घेताना मी खोक्यावरचे आकडे वाचले. एकावर २७०० के, दुसऱ्यावर ६५०० के. एलईडी तापून प्रकाशत नाही, तिच्यात यातले कुठलेच तापमान नसते. तो आकडा सांगतो की इतक्या केल्व्हिनला तापलेली काळी वस्तू साधारण या रंगाची दिसेल. गंमत अशी की २७०० ला दुकानदार 'वॉर्म' म्हणतो आणि त्याहून कितीतरी तप्त अशा ६५०० ला 'कूल'. रात्री उशिरा मृग नक्षत्र वर आले की दुकानदाराची चूक आकाशात दिसते : तांबूस काक्षी साडेतीन हजार केल्व्हिनची, निळसर पांढरा राजन्य बारा हजारांच्या आसपास.

ती मुलगी आज पन्नाशीला आली असेल. तिला द्यायचे उत्तर असे : बाळ, काजळी ज्योतीतच असते. ज्योत पिवळी दिसते कारण ती काजळी तापलेली आहे. आणि ती इतकी छान उजळते, कारण ती काळी आहे.